पाण्यावरचे दळण

वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मुक्कामाला उतरलेला प्रवासी बीबी का मकबरा पाहून झाल्यावर सहसा पाणचक्कीकडे वळतो. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्याजवळ, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. उंच भिंतीवरून हौदात कोसळणारे पाणी, त्या विस्तीर्ण हौदाच्या तळाखाली बांधलेले गार दालन, वडाचा जुना वृक्ष आणि कोपऱ्यातल्या एका लहानशा खोलीत दगडी जाते. मार्गदर्शक सांगतो, हे जाते बैलांनी नव्हे, माणसांनी नव्हे, पाण्याने फिरते. पर्यटक क्षणभर वाकून पाहतात, छायाचित्र काढतात आणि हौदातील मासे पाहायला निघून जातात. जात्याशी निगडित असलेला खरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: यात शेवटचे दळण कोणी आणि कोणासाठी दळले?

बाबा शाह मुसाफिर हे मध्य आशियातील बुखारा परिसरातून दख्खनमध्ये आलेले नक्शबंदी परंपरेचे सूफी. त्यांच्या तकियाचा विस्तार सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने झाला. त्यांचे वारस शाह महमूद यांनी संकलित केलेल्या आठवणी उपलब्ध असून सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्यांचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध केला. तकियात सैनिक येत, फकीर येत, वाटसरू येत, आणि त्या सर्वांना जेवू घालायचे तर रोज मणावारी पीठ हवे. पाणचक्की ही या गरजेतून उभी राहिली. शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातून भूमिगत नहरीने, मातीच्या नळांतून, पाणी आणले गेले आणि उंचावरून सोडून त्याच्या बळावर जाते फिरवले गेले. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहराला नहरींची जी सवय लावली होती, तिचेच हे पुढचे पाऊल. यथावकाश गिरण्या आल्या, नहरींची दुर्दशा होत गेली, पाण्याचा ओघ आटला. आज ते जाते फिरते ते मुख्यतः पाहुण्यांना दाखवण्यासाठी.

महाराष्ट्रात पाणचक्क्यांची परंपरा का रुजली नाही, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. दगडाची तर आपल्याकडे ददात नाही. परंतु पाणचक्कीला लागते ते बारमाही, एकाच जोमाने पडणारे पाणी. सह्याद्रीतील ओहोळ श्रावणात धो धो वाहतात आणि फाल्गुनात त्यांच्या पात्रातून माणसे वाट काढतात. पावसाळ्यात दळून वर्षभर खावे, असे पिठाचे नाही. ते टिकत नाही. त्यामुळे आपल्याकडे दळण राहिले घरातल्या जात्यावर आणि बाईच्या मनगटावर. जात्यावरच्या ओव्यांचे आपल्याला रास्त कौतुक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांच्या प्रयत्नातून अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पण त्या ओव्यांच्या मागे पहाटे तीनला उठून कुटुंबाचे दळण दळणारी स्त्री आहे, हे कौतुकाच्या भरात विसरले जाते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी थेसालोनिकाच्या अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने पाणचक्कीवर एक छोटी कविता लिहिली, तिचा विषयच दळणाऱ्या दासींची पहाटेच्या कष्टांतून झालेली सुटका हा आहे. यंत्राचे स्वागत करणारी जगातील आरंभीच्या कवितांपैकी ती एक असावी.

जे पाणी दख्खनला मिळाले नाही, ते हिमालयाला भरपूर मिळाले. त्यामुळे जी पाणचक्की आपण आवारात उभी केलेली प्रेक्षणीय वस्तू म्हणून पाहतो, तीच हिमालयाच्या दऱ्यांमध्ये अजूनही पोटापाण्याचे साधन म्हणून पाहावयास मिळते. उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशात तिला घराट म्हणतात, नेपाळमध्ये घट्ट, लडाखमध्ये रंतक. चारधामच्या यात्रेला जाणारे, मसुरी-मनालीला उन्हाळी सुटी घालवणारे हजारो मराठी प्रवासी दरवर्षी अशा घराटांच्या हाकेच्या अंतरावरून जातात. त्यांपैकी फार थोड्यांना ते दिसतात, आणि याचे कारण घराट पाहण्यासारखा नसतो हे नव्हे, तर तो डोळ्यांत भरत नाही हे आहे.

पाणचक्की म्हटल्यावर आपल्या मनासमोर युरोपीय दिनदर्शिकेवरचे चित्र येते: पांढरी इमारत आणि तिच्या कुशीला दोन पुरुष उंचीचे, उभे फिरणारे लाकडी चाक. घराटाला असे चाक नसते. ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या पातळीहून खाली, दगडांची एक ठेंगणी खोली असते. छप्पर पाटीच्या दगडाचे, अलीकडे बहुधा पत्र्याचे. दार इतके बुटके की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. चाक असते, पण ते जमिनीखाली, अंधारात आणि आडवे. ते पाहायचे तर खोलीच्या मागच्या अंगाने खाली उतरून, अंगावर तुषार घेत डोकवावे लागते. म्हणून घराट शोधायचा तो कानांनी. पाण्याच्या आवाजात मिसळलेली एक घरघर आणि तिच्यावर ताल धरल्यासारखी लाकडाची टकटक ऐकू आली की समजावे, घराट चालू आहे.

त्याची रचना समजून घेण्यासाठी ओढ्यापासूनच आरंभ करावा लागतो. घराटाच्या बऱ्याच वरच्या बाजूला दगडगोट्यांचा एक ओबडधोबड बांध घालून ओढ्याचे थोडे पाणी वळवलेले असते. तेथून डोंगराच्या कडेकडेने, अगदी मंद उतारावर, एक पाट आणलेला असतो. त्याला तेथे गूल म्हणतात. ओढा झपाट्याने खाली उतरत जातो, पाट मात्र जवळजवळ समपातळीत राहतो. त्यामुळे घराटाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत पाट आणि ओढा यांच्या पातळीत दहा ते वीस फुटांचा फरक पडलेला असतो. हा फरक हीच घराटाची खरी संपत्ती. आता हे पाणी अखंड लाकूड पोखरून केलेल्या, तिरप्या आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या पन्हळीत सोडले जाते. पन्हळीच्या तोंडातून ते जोरदार धारेने बाहेर पडते आणि खालच्या आडव्या चाकाच्या तिरप्या पात्यांवर आदळते.

चाकाच्या मध्यातून एक जाड लाकडी दांडा सरळ वर जातो. खोलीच्या जमिनीतून, खालच्या स्थिर तळीच्या भोकातून तो वर येतो आणि वरच्या तळीच्या पोटात बसवलेल्या लोखंडी आडपट्टीला फिरवतो. दंतचक्रे नाहीत, पट्टे नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. उभ्या चाकाच्या पाणचक्कीत हे इतके सोपे नसते. तेथे चाक उभे आणि जाते आडवे, त्यामुळे गतीची दिशा वळवण्यासाठी दंतचक्रांची जोडी लागते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने अशा दंतचक्रांच्या पाणचक्कीचे वर्णन लिहून ठेवले आहे. पाणी भरपूर पण उतार थोडा अशा सपाट प्रदेशाला ती सोयीची. पाणी थोडे पण उतार भरपूर अशा डोंगराला मात्र आडव्या चाकाचा घराट सोयीचा, आणि तो गावचा सुतार व पाथरवट मिळून उभा करू शकतात. मोडलेले पाते आज संध्याकाळी नवे बसवून उद्या सकाळी दळण सुरू करता येते. यंत्र किती प्रगत यापेक्षा ते गावात दुरुस्त होते की नाही, हा निकष लावला तर घराटाला तोड सापडणे कठीण.

खोलीत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. भिंती, तुळया, कोळिष्टके, दळणाऱ्याच्या भुवया, सर्व काही पिठाने पांढरे झालेले. दोन-अडीच फूट व्यासाची वरची तळी मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेत असते. तिच्यावर छताला टांगलेली, खाली निमुळती होत गेलेली लाकडी परडी असते आणि तिच्यात धान्य ओतलेले असते. परडीच्या तळाला एक लहानशी तिरपी पन्हळ आणि त्या पन्हळीला बांधलेली एक काठी. काठीचे दुसरे टोक फिरत्या तळीवर नुसते टेकवलेले असते. तळीचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे काठी सतत उडत राहते. तिच्या धक्क्याने पन्हळ थरथरते आणि दाणे एकेक करून तळीच्या तोंडात पडतात. बाहेर ऐकू आलेली टकटक हीच. यातली चतुराई लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी वाढले की तळी वेगाने फिरते, काठी जोरात उडते आणि दाणेही अधिक पडतात. पाणी घटले की सर्वच मंदावते. आपल्या आजीने जात्यात मुठीमुठीने वैरण घालताना हाताने जे तारतम्य राखले, ते येथे एक काठी राखते.

दळण जाड हवे की बारीक, हेही ठरवता येते. चाकाचा दांडा खाली ज्या आडव्या लाकडावर टेकलेला असतो, ते लाकूड एका उभ्या काठीने वर-खाली करता येते. ती काठी खोलीतूनच हाताळता येते आणि तिच्याखाली पाचर सारली की वरची तळी केसभर उचलली जाते. केसभर हा येथे अलंकार नव्हे. दोन तळ्यांमधले अंतर खरोखरच तितके सूक्ष्म असते आणि परिघाकडे ते आणखी कमी होत जाते. जनावरांसाठी भरड, लापशीसाठी कणी, पोळीसाठी बारीक पीठ हे सर्व त्या एका पाचरीवर चालते. दळणारा दर दोन-चार मिनिटांनी तळीच्या कडेवरून सांडणारे पीठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहतो. चक्की थांबवायची तर कळ दाबायची नसते. पाटाच्या तोंडाशी फळी आडवी घातली की पाणी दुसऱ्या वाटेने ओढ्याला मिळते आणि तळी हळूहळू थांबते.

या साऱ्यातून शक्ती किती मिळते, हा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. समजा, पन्हळीतून सेकंदाला ५० लिटर पाणी येते आणि ते ४ मीटर उंचीवरून पडते. ५० किलो, गुणिले ४ मीटर, गुणिले गुरुत्वाकर्षणाचा ९.८ हा आकडा, म्हणजे सुमारे १,९६० वॅट. लाकडी पात्यांचे चाक यातला जेमतेम चौथा भाग पकडते. उरतात सुमारे ५०० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. आपल्या स्वयंपाकघरातली घरघंटी साधारणपणे एक हॉर्सपॉवरची असते. म्हणजे पारंपरिक घराट हा शक्तीने आपल्या घरघंटीहूनही दुबळा. तासाला पाच-दहा किलो दळण, एवढीच त्याची झेप. पण ओढा रात्री झोपत नाही, भारनियमन पाळत नाही आणि महिन्याच्या अखेरीस देयक पाठवत नाही. परडी भरून ठेवली की दळणारा घरी जाऊन जेवून येऊ शकतो.

दळणाची मजुरी परंपरेने पैशात नव्हे, धान्यात घेतली जाई. आणलेल्या दळणातला ठरलेला हिस्सा घराटवाल्याने काढून घ्यायचा, अशी पद्धत. आपल्याकडील बलुत्याची आठवण करून देणारी ही व्यवस्था रोकड दुर्मिळ असलेल्या डोंगरी गावांना सोयीची होती. आज पुष्कळ ठिकाणी पैसे घेतले जातात, काही ठिकाणी दोन्ही चालते.

आता पिठाविषयी. घराटाच्या पिठाची ख्याती ‘ठंडा आटा’ अशी आहे. शहरातल्या वाचकाला हा शब्द उमगण्यासाठी लांब जायला नको. नाक्यावरच्या गिरणीतून आणलेला दळणाचा डबा उघडल्यावर हाताला लागणारी ऊब सर्वांच्या परिचयाची आहे. विजेच्या गिरणीत तळ्या कित्येक पट वेगाने फिरतात, घर्षणाने पीठ तापते. आपल्या आया-आज्या डबा उघडा ठेवून पीठ निवू देतात ते उगीच नव्हे. घराटाची तळी संथ, पीठ बाहेर पडते ते जेमतेम कोमट. गव्हाच्या अंकुरात तेल असते. उष्णतेने आणि हवेच्या संपर्काने ते खवट होऊ लागते, म्हणून थंड दळलेल्या पिठाचा वास आणि चव अधिक ताजी लागते, हे खरे.

याच्या पुढचे दावे मात्र जपून घ्यावेत. घराटाचे पीठ औषधी असते, त्याने अमुक रोग बरा होतो, अशी वाक्ये पर्यटनस्थळांवर सहज ऐकू येतात. वस्तुतः पोषणाचा मुख्य फरक पडतो तो पीठ कोंड्यासकट आहे की कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला मैदा आहे यावर. नाक्यावरच्या गिरणीत दळून न चाळलेले पीठही कोंड्यासकटच असते. शिवाय विजेच्या चक्कीत स्टार्चचे कण अधिक प्रमाणात फुटतात, ते पाणी अधिक शोषतात आणि पोळी मऊ होते. घराटाच्या पिठाची कणीक मळताना पाणी थोडे कमी लागले आणि पोळी थोडी खरखरीत झाली, तर दोष पिठाचा नाही. घराटाची खरी खुमारी अनुभवायची तर गव्हापेक्षा मंडुवा मागावा. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. थंड दळलेल्या मंडुव्याची भाकरी आणि तिच्यावर तूप-गूळ, हे कोकणी माणसाला परके वाटणार नाही.

जात्याची तळी ही सतत झिजणारी वस्तू आहे. तिच्या अंगावरच्या खाचा बोथट झाल्या की धान्य कापले जाण्याऐवजी चिरडले जाते, पीठ तापते आणि दळणाचा वेग मंदावतो. मग तळी उलटून तिला टाकी लावावी लागते. आपल्या वाड्यांवरूनही ‘जात्याला टाकीऽऽ’ अशी हाळी देत स्त्रिया फिरत असत, ते पुष्कळांना आठवत असेल. घराटात हे काम दळणारा स्वतः करतो. छिन्नी आणि हातोडी घेऊन, मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या खाचा पुन्हा जिवंत करीत. टाकीनंतरचे पहिले पीठ माणसांच्या खाण्यात जात नाही, कारण त्यात दगडाची कच येते. टाकी कोणत्या कोनात आणि किती खोल, हे कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. घराट बंद पडला की यंत्राइतकेच हे हातातले ज्ञानही जाते. चाक पुन्हा घडवता येईल. टाकी लावणारा हात मात्र घडवायला वर्षे लागतात.

आणि घराट बंद पडत आहेत. याला एकच एक कारण नाही. डोंगरात वीज पोहोचली, रस्ते पोहोचले, त्यांच्या मागोमाग डिझेलच्या आणि विजेच्या चक्क्या पोहोचल्या. पाच-सहा तासांचे दळण अर्ध्या तासात होऊ लागल्यावर पाठीवर पोते घेऊन ओढ्यापर्यंत कोण उतरणार? पिशवीबंद आटा दुकानात आला. शेती आतबट्ट्याची ठरल्याने गावे रिकामी होऊ लागली. २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडातील हजाराहून अधिक गावे निर्जन आढळली. दळण आणणारेच गेले, तर दळणाऱ्याने कोणाची वाट पाहावी? रस्तारुंदीकरणाचा राडारोडा पाटांवर येऊन पडतो, तो उपसायला गावात चार तरुण हात नसतात. झरे आटत आहेत. लहान-मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनी काही ओढ्यांचे पाणी बोगद्यांत वळवले आहे. आणि जून २०१३ च्या केदारनाथच्या प्रलयासारख्या आपत्तीत तर नदीकाठचे घराट दगडासकट वाहून गेले.

तरीही चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. डेहराडूनजवळील शुक्लापूर येथून काम करणाऱ्या ‘हेस्को’ या संस्थेने आणि तिचे संस्थापक डॉ. अनिल प्रकाश जोशी यांनी घराटांचा प्रश्न संवर्धनाचा न मानता अर्थार्जनाचा मानला. जोशी यांना २००६ मध्ये पद्मश्री आणि २०२० मध्ये पद्मभूषण हे सन्मान लाभले. त्यांच्या भूमिकेचे सार असे मांडता येईल की घराटवाला जगला तर घराट जगेल. त्यासाठी लाकडी चाकाच्या जागी वक्र पात्यांचे धातूचे चाक, दांड्याखाली बॉल बेअरिंग आणि पाणी बंदिस्त ठेवणारा नळ अशा मोजक्या सुधारणा पुढे आल्या. त्यांनी त्याच पाण्यात दळण दुप्पट होऊ शकते. चाकाला पट्टा जोडून दिवसा भात भरडता येतो किंवा तेल गाळता येते, रात्री छोटा जनित्र जोडून दिवे लावता येतात. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानेही अशा सुधारित घराटांसाठी अर्थसाह्य देण्याची योजना राबवली. नेपाळमध्येही हजारो घट्टांची अशीच सुधारणा झाली.

येथे जुन्याच्या अभिमान्यांना एक गोष्ट खटकते. लाकडी चाक काढून लोखंडी बसवले, बॉल बेअरिंग घातले, तर तो घराट ‘ऐतिहासिक’ कसा राहिला? हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण तो बहुधा दळणाची गरज नसलेल्यांकडून येतो. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घराटात जे सापडेल ते बसवले आहे. देवदार मिळाला तेव्हा देवदार, ट्रकची स्प्रिंगपट्टी मिळाली तेव्हा स्प्रिंगपट्टी. जसाच्या तसा जपलेला घराट पाहायचा असेल तर त्यासाठी संग्रहालय आहे. पाणचक्कीचे लाकूड ओले राहिले तर टिकते, सुकले-भिजले, सुकले-भिजले असे होत राहिले की कुजते. न दळणारी चक्की जपणे हे दळणाऱ्या चक्कीपेक्षा अधिक खर्चाचे असते, याचा अनुभव औरंगाबादच्या नहरींनी आपल्याला दिलेलाच आहे.

ज्यांना डोंगर चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी पाणचक्कीचा आणखी एक पत्ता आहे आणि तो चक्क मैदानात आहे. हरिद्वारहून निघणारा गंगेचा वरचा कालवा ८ एप्रिल १८५४ रोजी सुरू झाला. तो बांधणाऱ्या प्रोबी कॉटली या अभियंत्यापुढे मोठी अडचण होती ती उताराची. दोआबातील जमिनीचा उतार कालव्याला झेपेल त्याहून अधिक. पाणी सरळ सोडले तर ते स्वतःचाच तळ खरवडून काढील. म्हणून त्याने कालव्यात ठिकठिकाणी दगड-विटांच्या पायऱ्या बांधून पाणी टप्प्याटप्प्याने खाली उतरवले. या पायऱ्यांना तेथील लोक झाल म्हणतात. जेथे झाल तेथे पडते पाणी, आणि जेथे पडते पाणी तेथे चक्की. ब्रिटिश काळात कालव्यांच्या महसुलात शेतसाऱ्याबरोबर चक्क्यांच्या भाड्याचाही स्तंभ असे. पुढे यांपैकी काही झालांवर लहान वीजनिर्मिती केंद्रे उभी राहिली. मुझफ्फरनगर जिल्ह्यातील निरगाजनी हे त्यांपैकी एक. तेथील पाणचक्की आजवर पीठ दळत आली आहे आणि ठंडा आटा मिळतो म्हणून आसपासच्या शहरांतील लोक गाडीत गव्हाची पोती घालून तेथवर जातात. विजेची चक्की घराशेजारी असताना कोणी तेवढे अंतर का कापतो, याचे उत्तर चवीत शोधावे की आठवणीत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रवासाचा बेत करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डोंगरातील घराट पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे पावसाळा सरल्यानंतरचा. ओढ्यांना पाणी असते, पाट दुरुस्त झालेले असतात आणि मंडुव्याचे नवे पीक हाती आलेले असते. गहू निघतो त्या वैशाखाच्या सुमारासही घराटांवर गर्दी असते, मात्र काही ओढ्यांचे पाणी तोवर उतरलेले असते. भर पावसात जाऊ नये. गढूळ पुरात घराट बंदच असतात आणि डोंगरी वाटा धोक्याच्या असतात. घराटांची नावे नकाशावर क्वचितच सापडतात. मुक्कामाच्या गावात चहाच्या टपरीवर विचारावे, बहुधा तेथूनच कोणी सोबत येते. घराट ही एखाद्याची कामाची जागा आहे, म्हणून आत शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी. सैल ओढणी, लोंबणारे कॅमेऱ्याचे पट्टे फिरत्या तळीपासून दूर ठेवावेत, मुलांना परडीत हात घालू देऊ नये. खाली चाक पाहायला उतरताना दगड शेवाळलेले असतात, याचे भान ठेवावे.

छायाचित्रे काढून झाल्यावर दोन किलो पीठ अवश्य विकत घ्यावे. घासाघीस करू नये. शहरातील दुकानात ‘दगडी जात्यावर दळलेले’ अशी चिठ्ठी लावलेल्या पिशवीसाठी आपण जो भाव मुकाट्याने मोजतो, त्याच्यापुढे येथील भाव नगण्य असतो. पीठ कापडी पिशवीत आणावे आणि घरी आल्यावर हवाबंद डब्यात, शक्य तर शीतकपाटात ठेवावे. अंकुरासकट दळलेले असल्याने महिन्याभरात संपवणे बरे.

गंगेच्या कालव्यावर जाणाऱ्यांसाठी एक सूचना वेगळी. हा कालवा दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास सफाईसाठी बंद होतो आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सोडला जातो. त्या दोन-तीन आठवड्यांत झालेवर पाणी नसते, म्हणून दळणही नसते. तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जायचे असेल, तर हरिद्वारला पाणी सुटल्याची खात्री करून मगच गव्हाचे पोते गाडीत टाकावे.